सोंग आणि माणूस

दर वर्षीं स्नेहसंमेलन आलें कीं वेशभूषेच्या स्पर्धेंत एखादा विद्यार्थी नंदीबैलवाला होतो, तर एखादी विद्यार्थिनी दोरीवर चालणारी डोंबारीण होते. टाळ्या पडतात, बक्षीस मिळतें. परंतु ज्यांचें सोंग आपण घेतों त्यांचीं मुलें त्या वेळीं कोठें असतात, हा प्रश्न आपल्यापैकीं कितीजणांच्या मनांत येतो?

सोलापूरकरांनीं तरी तो टाळूं नये. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा केला आणि पुढें आपल्याच शहरांत तारांच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा जमातींचीं माणसें तींत ठेवण्यांत आलीं. ज्या घरांत जन्म झाला, तें घर हाच त्यांचा अपराध! तिच्या व्यवस्थेंत अमेरिकन मराठी मिशनचाहि कांहीं काळ हात होता. तेथील शाळेचें श्रेय घ्यावयाचें आणि कुंपण मात्र विसरावयाचें, हें प्रामाणिकपणाचें नव्हे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला. तारा तुटल्या, संशय मात्र तुटला नाहीं.

येथें कला काय करूं शकते, हें अहमदाबादेच्या छारानगरनें दाखविलें आहे. तीहि सेटलमेंटमधूनच निर्माण झालेली वस्ती. १९९८ सालीं बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यांत बुधन शबर हा तरुण पोलिसांच्या मारहाणीनंतर कोठडींत मरण पावला. त्याच वर्षीं छारानगरांतील तरुणांनीं त्याच्या मृत्यूवर नाटक बसविलें आणि त्यांतून 'बुधन थिएटर' जन्मास आलें. आजवर ज्यांच्याविषयीं इतरच बोलत होते, ते स्वतः बोलूं लागले. आपल्याच जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांतून आलेले डॉ. किशोर शांताबाई काळे यांनीं 'कोल्हाट्याचं पोर' लिहून हेंच केलें. आपण ज्या नाचाला टाळ्या दिल्या, त्यामागें एका आईची व तिच्या मुलाची केवढी परवड होती, हें त्या पुस्तकानें मराठी वाचकांस सांगितलें.

कोणी म्हणेल, नाटकानें पोट भरत नाहीं. आधीं घर, नोकरी व दाखला हवा. हें अगदीं खरें. परंतु ज्याला पाहतांच लोक दार लावून घेतात, त्याला नोकरी तरी कोण देणार? शिवाय मुलाच्या मनांत बसलेली लाज कोणत्याहि दाखल्यानें जात नाहीं. आपली गोष्ट चारचौघांत ताठ मानेनें सांगितली, म्हणजे ती जाऊं लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढील स्नेहसंमेलनांत आपण त्यांचें सोंग घेऊं नये; त्यांच्या मुलांस रंगमंच द्यावा. नाटक त्यांचें, भाषा त्यांची, दिग्दर्शकहि त्यांच्यांतलाच असावा. आणि पुढच्या खेळास आपण त्यांच्या वस्तींत जाऊन जमिनीवर बसावें.

मोठ्या मेजवानीचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्या यजमानानें रस्त्यावरील माणसांस बोलाविलें तें करमणूक करण्यासाठीं नव्हे, पंगतीस बसण्यासाठीं.