नाव भाड्याने देऊ नका

सरकारी खरेदीतील आपला वाटा मागणे ही याचना नव्हे. २०१२ च्या आदेशात २०१८ साली दुरुस्ती झाली. तीनुसार केंद्रीय खाती व कंपन्यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के माल व सेवा सूक्ष्म-लघुउद्योगांकडून घ्यावयाच्या असून, त्या २५ पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांच्या आहेत. १९९० च्या कायद्याने बौद्धांसही अनुसूचित जातींत स्थान मिळाले. तेव्हा बौद्ध धर्म स्वीकारल्याने हा हक्क बुडत नाही.

बीड जिल्ह्यातून दरसाल हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस परमुलखी जातात. त्यांच्यातील जो तरुण गावी शिवणकामाचा वा सुतारकामाचा कारखाना उभारील, त्याने विनामूल्य उद्यम नोंदणी करावी, जातीचा दाखला सिद्ध ठेवावा व निविदेच्या अनामत रकमेची माफी मागावी. लेखी करार असल्यास बिल ४५ दिवसांच्या आत मिळालेच पाहिजे. विलंब झाल्यास कायद्याने चक्रवाढ व्याज लागते.

मात्र कोणा धनिकास आपले नाव वापरू देऊ नये. भागीदारीत आपला हिस्सा किमान ५१ टक्के हवा, आणि हिशेबाची वहीही आपल्याच हाती हवी. केवळ सहीपुरता मालक हा दुसऱ्याचा वेठबिगारच होय!