बंदराच्या तोंडाशी सुरुंग

२७ फेब्रुवारी १९१६ रोजी, लंडनहून मुंबईस निघालेली ‘मलोजा’ ही प्रवासी बोट डोव्हरजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. शंभरावर माणसे गेली. त्यांत हिंदी खलाशीही होते. सुरुंग जर्मनीच्या ‘यूसी-६’ या पाणबुडीने पेरले होते. तिच्याजवळ टॉर्पेडो नव्हतेच. होते अवघे बारा सुरुंग. ते सोडून ती निमूटपणे निघून जाई.

एवढ्याशा पाणबुडीस मुंबई गाठणे अशक्य होते. ते काम फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘वुल्फ’ने केले. ही मालवाहू बोटीच्या वेषातील युद्धनौका. पेरणारी केव्हाच दूर गेली, आणि चार महिन्यांनी, २३ जूनला, मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर ‘मंगोलिया’ बुडाली. या शस्त्राचे मर्म या विलंबातच आहे. सुरुंगाचा नुसता संशयदेखील बंदर बंद पाडण्यास पुरतो. ते पुन्हा उघडावयाचे तर सुरुंग काढणाऱ्या नौका हव्यात.

भारतीय नौदलातील तशी अखेरची नौका, ‘कोझिकोड’, एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली. नव्या नौकांच्या खरेदीस तत्त्वतः मान्यता मिळाली ती जुलै २०२५ मध्ये! त्यापुढे करार, मग बांधणी, मग चाचण्या. हा प्रश्न केवळ किनाऱ्यावरच्यांचा आहे, असे मराठवाड्यात कोणास वाटेल. पण पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीला घालावयाचे पोटॅशही बोटीनेच येते.