केफॅलसच्या घरी

दिवाळीची आवराआवर करताना पोटमाळ्यावर प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ची माझी कॉलेजातली प्रत सापडली. पहिल्याच प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘म्हातारा पळाला!’ अक्षर माझंच. वय तेव्हा १९.

म्हातारा म्हणजे केफॅलस. मूळचा सिराक्यूजचा, अथेन्सच्या पिरियस बंदरात येऊन राहिलेला सधन गृहस्थ. बंदरात बेन्डिस देवीचा उत्सव, रात्री घोड्यांवरून मशालींची शर्यत व्हायची आहे. त्याचा मुलगा पोलेमार्कस सॉक्रेटिसला वाटेत अडवून, जवळजवळ धरूनच, घरी आणतो. पूजा आटोपून डोक्यावर माळ तशीच ठेवून म्हातारा बसलेला असतो. न्याय म्हणजे काय, असा विषय निघतो. खरं बोलावं, घेतलेलं परत करावं, एवढा त्याचा हिशेब. मग मित्राला वेड लागलं तर त्याचं शस्त्र त्याला परत द्यायचं का, असा सॉक्रेटिसचा सवाल. मुलगा मध्ये पडतो आणि केफॅलस हसत वाद त्याच्या हवाली करून पुन्हा पूजेला निघून जातो. ग्रंथाचे दहा भाग आहेत, तो परत येत नाही. (मशालींची शर्यतही कुणी बघायला जात नाही!)

आमच्या घरी तेव्हा वडील आणि काका लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीसुद्धा निवडणुकीवरून भांडत. आई ताट घेऊन आली की आवाज उतरत, चहा झाला की पुन्हा चढत. वाद अर्धा टाकून उठणं म्हणजे हार, हे मी तिथंच शिकलो. आता मुलगी माझ्याशी वाद घालते, आणि तेच पान वेगळं दिसतं. म्हातारा स्वतः उठला, पाहुण्यांना उठवलं नाही. त्याच्याच छपराखाली माणसं बोलत राहिली.

पुढचं प्लेटो सांगत नाही; त्याच्या वाचकांना ते ठाऊकच होतं. इ. स. पूर्व ४०४ मध्ये अथेन्स तीस जणांच्या हुकमतीखाली गेलं. त्यांनी संपत्तीवर डोळा ठेवून पोलेमार्कसला रस्त्यात पकडलं आणि खटला न चालवता विष प्यायला लावलं. भाऊ लिसियस मागच्या दारानं निसटला. लोकशाही परतल्यावर त्यानं पकडणाऱ्यावर आरोप ठेवला, ते भाषण आजही वाचायला मिळतं. त्यातला युक्तिवाद मी विसरतो, घरातलं मात्र विसरत नाही: वहिनीच्या कानातली सोन्याची डुलंसुद्धा काढून नेली. कुटुंबाची तीन घरं असताना प्रेत भाड्याच्या खोपटात ठेवावं लागलं. कुणा मित्रानं अंगावर घालायला वस्त्र दिलं, कुणी उशी.

या अंकातले दोन लेख मला मुळीच पटलेले नाहीत. त्यातल्या एकाच्या लेखकाशी फोनवर तासभर हुज्जत झाली. दोन्ही जसेच्या तसे छापले आहेत. फराळाला बसाल तेव्हा घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, आणि भांडण झालंच तर आम्हाला जरूर कळवा.