मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत का?

सावलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. त्यांच्या पतीची पिकअप आहे, कर्जावर घेतलेली, अजून एकोणीस हप्ते बाकी आहेत. हंगामात धानाची पोती, एरवी भाजीपाला, सिमेंट, मंडपाचे सामान, बकरी ईदच्या आधी बकऱ्या, असे जे मिळेल ते भाडे मारतात. पावसाळ्यात व्याहाडला माल उतरवून रिकामी गाडी परत येत असताना समोर रानडुक्कर आले. ब्रेक दाबला तेव्हा गाडी मागून फिरली, आडवी झाली आणि रस्त्याखाली बांधीत उतरली. अल्लाहच्या कृपेने पती आणि सोबतचा दीर दोघेही सुखरूप आहेत. पण गॅरेजमध्ये सांगितले गेले की मागे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत म्हणून असे झाले, चारही चाकांना डिस्क करून घ्या, चाळीस हजार लागतील. भगिनी विचारतात, "कानातले आणि दोन बांगड्या गहाण ठेवण्याची माझी तयारी आहे. ठेवू का?"

ठेवू नका. आधी हे उत्तर, आणि मग कारणे.

गाडीला जे झाले ते ब्रेक कमी लागल्यामुळे झालेले नाही. मागचे ब्रेक गरजेपेक्षा जास्त लागल्यामुळे झाले. धावत्या गाडीला ब्रेक लागला की तिचे वजन पुढे झुकते. बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण सगळे पुढे जातो, तसेच. पुढची चाके रस्त्यावर दाबली जातात, मागची हलकी होतात. पिकअप रिकामी असेल तर मागे मुळातच वजन नसते. अशा वेळी मागच्या चाकांना जोराचा ब्रेक लागला तर ती फिरायची थांबतात आणि नुसती घसरतात. घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. पुढची चाके गाडीला थोपवून धरत असतात आणि मागचा भाग सुटलेला असतो, मग गाडी मागून फिरणारच. ओल्या रस्त्यावर तर लगेच. अशा गाडीला मागे आणखी करकचून लागणारा ब्रेक बसवणे म्हणजे रोग वाढवणे आहे.

आता प्रश्न असा की कंपनीला हे माहीत नव्हते का? होते. म्हणूनच बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसला बसवलेला असतो आणि त्याची एक काडी, म्हणजे रॉड, स्प्रिंगने ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की हौदा खाली बसतो, रॉड हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी झाली की हौदा वर येतो आणि व्हॉल्व्ह दाब कमी करतो. वजन पाहून ब्रेक वाटून देणारा हा मुनीम आहे म्हणा ना.

पत्रात मधेच एक ओळ आहे, बहुधा सहज लिहिलेली: "मागच्या वर्षी मागे एक पाटा जास्तीचा टाकला." माझ्या मते सगळी गोष्ट या ओळीत आहे. जास्तीचा पाटा टाकला की माल भरूनही हौदा पुरेसा खाली बसत नाही. मुनिमाला वाटते गाडी रिकामीच आहे. भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी पडू लागतो. ड्रायव्हर तक्रार करतो, आणि मिस्त्री तो रॉड तारेने वर बांधून टाकतो, म्हणजे दाब कायम पूर्ण. भरलेली गाडी आता छान थांबते, सगळे खूश. आणि मग एखाद्या संध्याकाळी तीच गाडी रिकामी असताना समोर डुक्कर येते. भगिनींच्या पतीने गाडीखाली वाकून पाहावे: रॉड तारेने बांधला आहे का, गंजून अडकला आहे का, तुटून लोंबकळतो आहे का. अंदाज चुकला असेल तर मला आनंदच आहे, पण हे पाहायला पैसे लागत नाहीत. पाटा मूळचा तेवढाच ठेवून व्हॉल्व्ह कंपनीने दिलेल्या मापावर लावून घ्यायचा, हे काम व्हॉल्व्हची माहिती असलेल्या मिस्त्रीचे आहे.

तरीही "ड्रम जुने, डिस्क नवे" हा समज इतका पसरला आहे की त्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. दोघे एकाच वयाचे आहेत. १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेकला रूप दिले. पुढची पन्नास वर्षे ड्रमची गेली. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वार गाडीने जिंकली, तेव्हापासून डिस्कचा बोलबाला झाला. शर्यतीच्या गाडीचे दुखणे म्हणजे उष्णता.

ड्रममध्ये बंद डब्याच्या आत दोन शू असतात. पेडल दाबले की ते बाहेर फाकतात आणि डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. यात एक गंमत आहे: फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच ओढून घट्ट करतो, त्यामुळे पायाचा थोडा जोरही पुरतो. पण उष्णता आत कोंडते, ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्कमध्ये उघडी थाळी दोन पॅडच्या चिमट्यात धरली जाते. तिला वारा लागतो, ती लवकर थंड होते. मात्र स्वतःहून घट्ट होण्याचा फायदा तिला नाही. तिला जोर लागतो, आणि तो बूस्टर देतो.

उष्णता किती? तीन टन वजनाची भरलेली पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबली, तर निघालेल्या उष्णतेत सव्वा ते दीड लिटर पाणी उकळेल. त्यातला मोठा वाटा पुढची चाके उचलतात, म्हणून पुढे डिस्क. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आला तोही पुढे डिस्क, मागे ड्रम असाच. मागे काम कमी, हँडब्रेक ड्रममध्ये सोपा, खर्च कमी, आणि चिखल-माती सहसा आत जात नाही. हा गरिबाघरचा तोडगाही नाही. अमेरिकेतील टोयोटा टॅकोमा पिकअपला २०२३ च्या मॉडेलपर्यंत मागे ड्रमच होते. जर्मनीच्या फोक्सवॅगनने आपल्या आयडी ३ आणि आयडी ४ या विजेवरच्या नव्या गाड्यांना मागे मुद्दाम ड्रम दिले, कारण कमी वापरली जाणारी उघडी डिस्क गंजते. कंपनीने चारही चाकांना डिस्क देऊन गाडी बनवली असेल तर ती चांगलीच. पण ती सगळी मांडणी एकत्र जुळवलेली असते. गॅरेजमध्ये नुसती मागची डिस्क जोडली की मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह, हँडब्रेक, काहीच एकमेकांशी जुळत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालते, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी पाहायला येतो तेव्हा त्याला बोट दाखवायला जागा मिळते.

सावली, मूल, गडचिरोली हा पट्टा बहुतेक सपाट. इथे ब्रेक तापून जाण्यापेक्षा भिजून जाण्याची भीती मोठी. रोवणीच्या दिवसांत नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहत असते, बांधीकडे जाणाऱ्या वाटेवर चाक अर्धे बुडते. डिस्कवरचे पाणी दोन फेऱ्यांत उडून जाते, ड्रममध्ये ते साचून राहते. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडे अंतर हळू चालवत पेडलवर हलका पाय ठेवावा, शू घासून सुकतात. नाहीतर पहिल्या खऱ्या ब्रेकला एक बाजू लागते, दुसरी लागत नाही, आणि गाडी बाजूला ओढते. ओल्या ड्रमवर रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नये, शू चिकटून बसतात. सपाट जागी गिअरमध्ये उभी करून चाकाला लाकडी ठोकळा लावला की झाले.

कोरचीकडे किंवा छत्तीसगडकडे भाडे लागले तर मात्र घाट येतो. तिथे नियम एकच: ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय काही जुन्या ड्रायव्हरांना आहे आणि ते नव्या पोरांनाही शिकवतात. याच्याइतकी महाग बचत मी पाहिलेली नाही. बूस्टरची ताकद इंजिनवर चालणाऱ्या पंपाची. इंजिन बंद झाले की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत ती उरते, नंतर पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते.

ब्रेक ऑइलकडे कुणी पाहतच नाही. डब्यात कमी दिसले की ओतले, एवढेच. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. नवे डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेले १४० अंशांवरच उकळू शकते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे खाली बसते. दोन वर्षांनी पूर्ण बदलून, हवा काढून घ्यावे. इंजिन ऑइल किंवा रॉकेल चुकूनही त्यात जाऊ देऊ नये, आतले रबर फुगते. चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला तर व्हील सिलिंडर गळतो आहे. ऑइल लायनरवर गेले असेल तर ते लायनर धुऊन वापरू नका, दोन्ही बाजूंचे एकदम बदला. व्हॉल्व्ह, ऑइल, सिलिंडरचे किट, लायनर, चारही चाकांचे टायर तपासणे, इतके सगळे करूनही दागिन्यांना हात लावावा लागणार नाही असे मला वाटते.

आता वजनाबद्दल. तेराशे किलोच्या गाडीत धानाची चाळीस किलोची बत्तीस पोती मावतात. खरेदी केंद्रासमोर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांत किती पोती असतात ते वाचकांनी स्वतः मोजावे. ताशी ६० किलोमीटर वेगाला, कोरड्या रस्त्यावर, चांगले ब्रेक असताना, ड्रायव्हरचा पाय पेडलवर जाण्याचा वेळ धरून गाडी साधारण ४५ मीटरमध्ये थांबते. ताशी ८० ला तेच ७० मीटरच्या पुढे जाते. मूल ते चंद्रपूर जंगलातल्या रस्त्यावर रात्री हेडलाइटच्या उजेडात चितळ दिसते, तेव्हा आपल्याकडे तेवढे अंतर उरलेले असते का? आणि बकऱ्या भरल्या असतील तर ब्रेक लागताच सगळा कळप पुढे धावतो. मधे आडव्या फळ्या टाकून दोन-तीन कप्पे करावेत, जनावरांचीही पायमोड टळते.

भगिनींनी शेवटी लिहिले आहे की रोवणीच्या वेळी आणि मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बायकांना दीर याच गाडीतून नेतो, "जादा चार पैसे मिळतात." यावर मात्र मी गोड बोलणार नाही. मालवाहू गाडीत माणसे नेणे बेकायदा आहेच, पण कुटुंबाने दुसरी गोष्ट लक्षात घ्यावी. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोडला, तर हौद्यात बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची सक्ती विमा कंपनीवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. म्हणजे वीस बायका मागे बसल्या असताना गाडी फिरली, तर त्यांच्या घरच्यांना द्यायची रक्कम गाडीमालकाच्या घरातून, जमिनीतून, त्याच बांगड्यांतून जाईल. आणि त्या बायकांच्या लेकरांना एवढ्याने काय मिळणार? दिराला हे भाडे बंद करायला सांगा. मजुरांसाठी प्रवासी परवान्याची गाडी ठरवायला लावा.

एक शेवटची गोष्ट गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी. आपल्यातली कितीतरी मुले बारा-चौदा वर्षांची झाली की मिस्त्रीच्या हाताखाली जातात. ड्रम उघडला की आत काळी भुकटी असते, आणि ती उडवायला पोराच्या हाती कॉम्प्रेसरची नळी दिली जाते, किंवा तो तोंडाने फुंकर मारतो. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत, आणि आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतो, तेव्हा त्या मुलाला स्वतःची मुले झालेली असतात. त्या वयाच्या मुलाला या कामावर ठेवूच नये. जो कुणी ड्रम उघडेल त्याने आधी पाणी शिंपडावे, ओल्या फडक्याने पुसावे, फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.