काका, फी माफ नाही!

चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी बघितला आहे त्यांना उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. अशा उन्हात चंद्रपूरच्या एका हॉलमध्ये आपल्या विद्यापीठाचा ॲडमिशनचा स्टॉल लागला होता आणि कूलरसमोरच्या खुर्चीवर मी होते. माझीच निवड का? तर मी चंद्रपूरची आणि कॉन्व्हेंटवाली, म्हणजे इंग्लिश फाडफाड. पालकांवर इम्प्रेशन पडतं म्हणे!

एक काका आले. चामोर्शीकडचे, धानाची शेती, सोबत बारावी झालेली मुलगी. मी सुरू झाले. वाय-फाय कॅम्पस, स्मार्ट क्लासरूम, एआयची ब्रांच, परदेशी विद्यापीठाशी करार, हायेस्ट पॅकेज. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पोरींची फी सरकारनं माफ केली म्हन्तेत. ते इथं चालते ना?"

"हो काका!" मी एका सेकंदात सांगून मोकळी. पेपरात वाचलं होतं ना! जाताना ते म्हणाले, "मॅडम, तेवढं कागदावर लिहून द्या." मी म्हटलं, ऑफिसमधून मिळेल.

ते "लिहून द्या" काही डोक्यातून जाईना. रात्री घरी तो शासन निर्णय शोधून वाचला. जुलै २०२४ चा आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आणि त्यातच पुढे, खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून! म्हणजे आपण वगळून. सरकारी कॉलेजात सवलत आहे, कॅप राउंडमधून प्रवेश घेतला तर साध्या खासगी कॉलेजातही आहे, फक्त आपल्याकडे नाही. मग आपलं चकचकीत माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. त्यात या गोष्टीचा उल्लेखसुद्धा नाही. 'स्कॉलरशिप' हा शब्द मात्र मोठ्या अक्षरात आहे. ती सरकारची की विद्यापीठाची, एका वर्षाची की चारही वर्षांची, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

मित्रांनो, आपल्याकडे काहीच चांगलं नाही असं मला म्हणायचं नाही. सिलॅबस आपला आपण बदलू शकतो, लॅब बऱ्या आहेत, रिझल्ट वेळेवर लागतात. पण आपण देतो काय आणि सांगतो काय? हायेस्ट पॅकेज एकाला मिळतं. रांगेत मधोमध उभ्या असलेल्याला किती मिळालं, तो आकडा म्हणजे मीडियन. एनआयआरएफच्या रँकिंगसाठी हा आकडा संस्थांना भरून द्यावाच लागतो. मग तोच माहितीपत्रकात छापायला काय जातं?

आणि गडचिरोलीच्या मुलांचे प्रश्नच वेगळे असतात. त्या दिवशी एकाने विचारलं, दिवाळीत होस्टेल बंद होतं का? मला हसू आलं होतं. नंतर कळलं की सिरोंच्याहून यायचं म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस बसमध्ये. चार दिवसांच्या सुट्टीसाठी कोण घरी जाईल? ॲडमिशनची धावपळ असते नेमकी पावसाळ्यात, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता कितीतरी पावसाळ्यांत बंद पडला आहे. तिथल्या मुलाला कागद जमा करायला दोन दिवस जास्त मिळतील का, हे आपल्या कुठल्या पानावर लिहिलंय? सिरोंच्याच्या मुलांच्या घरी तेलुगू, एटापल्लीकडे माडिया. ती शाळेत मराठीत शिकतात आणि फर्स्ट इयरला एकदम थर्मोडायनॅमिक्स इंग्लिशमधून! मला ते सोपं गेलं. मी हुशार म्हणून नाही, माझ्या शाळेची फी माझ्या बाबांनी भरली म्हणून.

हे सगळं हॉस्टेलवर बोलले तर एक मैत्रीण म्हणाली, "जाहिरात आहे गं ती, असं खरं कोण लिहितं?" ठीक आहे. साबणाची जाहिरात खोटी निघाली तर तीस रुपये जातात. इथे चार वर्षं आणि कुणाचं तरी शेत जातं. माझी मागणी एवढीच आहे. माहितीपत्रकात एक साधं पान मराठीत असावं. चार वर्षांची एकूण फी, कोणती सरकारी सवलत लागू नाही, मेसचा खर्च, मीडियन पॅकेज. खाली सही आणि शिक्का. ते पान वाचून दहा मुलं कमी आली तर येऊ देत.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या फॉर्मवरून नंबर घेऊन मी काकांना फोन लावला. हात थरथरत होता. "काका, मी चुकीचं सांगितलं. आमच्याकडे फी माफ नाही." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं झालं बाई सांगितलं. सोमवारी सीट बुक करनार होतो." मग त्यांच्या मुलीने फोन घेतला. तिने चंद्रपूरच्या गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग कॉलेजचा फॉर्म कसा भरायचा ते विचारलं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघी कॅपचा ऑप्शन फॉर्म कसा भरतात ते बोलत बसलो.