कुत्रा चावल्यावरच आठवणारी संस्था

गेल्या महिन्यात तिसरीतला एक मुलगा आजीचा हात धरून लंगडत माझ्या दवाखान्यात आला. पोटरीवर दोन दातांच्या खुणा होत्या आणि त्यावर लाल तिखट भरून फडके घट्ट बांधलेले होते. कुत्रा चावून तीन दिवस झाले होते. जखम चिघळली नसती तर आजीबाई आल्याही नसत्या. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर धुतली, आजींना समजावले आणि चिठ्ठी देऊन दोघांना लगेच पालिकेच्या रुग्णालयात पाठवले. लस वेळेवर सुरू झाली, मुलगा आता बरा आहे.

जाताना आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्या कुत्र्यांना बिस्किटे घालणाऱ्यांना आणि त्यांच्या त्या संस्थांना आधी टाळे ठोकले पाहिजे!" बाकावर बसलेल्या चार-पाच पेशंटनी माना डोलावल्या. पंधरा वर्षांपूर्वी मीही डोलावली असती. आज माझे मत वेगळे आहे. ते का बदलले, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

सोसायटीच्या सेक्रेटरीची चूक

त्या काळी मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आवारात सहा कुत्री होती. सभेत दरवेळी तोच विषय निघायचा. शेवटी कोणीतरी टेम्पोवाला गाठला आणि एका रात्री सहाही कुत्री शीळफाट्याच्या पलीकडे सोडून देण्यात आली. हे बेकायदेशीर होते हे मला ठाऊक होते, पण मी डोळेझाक केली. चार-सहा महिने शांततेत गेले. मग कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी नवी कुत्री दिसू लागली आणि हळूहळू आमच्या आवारात मुक्कामाला आली. त्यांना ना दूधवाला ओळखीचा, ना पेपर टाकणारा पोऱ्या. पहिल्याच महिन्यात तिघांना चावा बसला. त्यातला एक माझाच कंपाउंडर.

तेव्हा शेजारच्या इमारतीतील एक बाई मला भेटायला आल्या. त्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकर्त्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही घालवलेल्या सहापैकी पाच कुत्र्यांची नसबंदी झाली होती आणि सहाही जणांना रेबीजची लस टोचली होती. कानाला खाच होती, पाहिली नाहीत का?" खाच मी पाहिली होती. कुत्र्यांच्या भांडणात कान फाटला असेल असे मला वाटले होते. लसीकरणाचे महत्त्व दिवसभर पेशंटना सांगणाऱ्या डॉक्टरने आपल्याच दारातली लसीकरण झालेली कुत्री हाकलून बिनलसीच्या कुत्र्यांना जागा करून दिली होती. त्यानंतर मी त्या बाईंबरोबर त्यांच्या केंद्रावर गेलो. पुढेही अधूनमधून जात राहिलो.

परंपरा जुनी आहे

अशा संस्था म्हणजे अलीकडच्या फ्लॅटमधल्या लोकांचे फॅड, असा समज आहे. तो बरोबर नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि इतरांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ सुरू झाली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय तिचेच. स्वतंत्र भारतात १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला आणि १९६२ साली त्याखाली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. साठ वर्षे उलटली तरी तो आकडा बदललेला नाही, यावरून आपल्याला या विषयाची किती कळकळ आहे ते समजते.

आपल्या जिल्ह्यातही काम उभे राहिले आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला ठाणे एस.पी.सी.ए. आहे. डोंबिवलीत निलेश भणगे यांनी सुरू केलेली 'पॉज' ही संस्था जखमी पशुपक्ष्यांची सुटका आणि उपचार यासाठी कल्याण-डोंबिवलीकरांना परिचित आहे. संक्रांतीच्या सुमारास मांज्याने पंख कापलेली घार किंवा घुबड घेऊन लोक अशाच कार्यकर्त्यांकडे धावतात. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी ही धावपळ थांबलेली नाही. तोच मांजा दुचाकीस्वाराच्या गळ्यालाही लागतो, हे आम्हा डॉक्टरांना वेगळे सांगायला नको.

संस्था चालते कशी?

कागदावर ती इतर कुठल्याही धर्मादाय संस्थेसारखीच असते. किमान सात सभासद, घटना, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, अध्यक्ष-सचिव-खजिनदार, वार्षिक सभा आणि दरवर्षी हिशेबतपासणी. कुत्र्यांच्या नसबंदीचे काम घ्यायचे तर प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते. या कामाचे नियम प्रथम २००१ साली झाले आणि त्यांच्या जागी २०२३ साली नवे आले. जबाबदारी पालिकेची. संस्था हे काम पालिकेच्या वतीने करते.

प्रत्यक्षात काम चार माणसांवर उभे असते. पहिला कुत्री पकडणारा. चिमटे आणि तारेचे फास वापरायला मनाई आहे. जाळीने किंवा हाताने पकडायचे, आणि कुठल्या गल्लीतून पकडले ते तिथल्या तिथे लिहून घ्यायचे. पिलांना दूध पाजणारी मादी उचलायची नाही. दुसरा पशुवैद्य. तिसरा पिंजरे धुणारा, खाणे घालणारा, टाके पाहणारा. टाका सुटला, जखमेत पू झाला तर तो आधी त्याच्याच लक्षात येतो. चौथा, रजिस्टर लिहिणारा.

या चौथ्याचे महत्त्व मला सर्वांत उशिरा कळले. पकडल्याची तारीख, जागा, नर की मादी, शस्त्रक्रिया, लस, सोडल्याची तारीख, हे सारे त्याच्या वहीत असते. काढलेली गर्भाशये आणि वृषणे देखरेख समितीने मोजून वहीतल्या आकड्याशी ताडायची असतात. वाचकांना हे किळसवाणे वाटेल. मला मात्र ते वाचून हायसे वाटले. पैसे शंभर शस्त्रक्रियांचे आणि शस्त्रक्रिया साठच, हा प्रकार त्यामुळे पकडता येतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ठेवून घेऊन, लस टोचून, कानाला खाच करून कुत्रे त्याच्या मूळ गल्लीत सोडले जाते.

'मूळ गल्लीत' यावरच लोकांचा सर्वांत जास्त राग असतो. "पकडले तर परत कशाला आणता?" पण आमच्या सोसायटीत घडले ते आठवा. खायला मिळते ती जागा रिकामी राहत नाही. मादी साधारण दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोनदाही विऊ शकते. लस टोचलेले, पिले न होणारे, ओळखीचे कुत्रे त्या जागेवर असणे, हे बाहेरून येणाऱ्या अनोळखी कुत्र्यापेक्षा आपल्या मुलांच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते.

माझा त्याच्याशी काय संबंध?

मी माणसांचा डॉक्टर. तरीही हे आरोग्याच्या सदरात लिहितो आहे, त्याला कारण रेबीज. इंटर्नशिपच्या काळात मी या रोगाचा एक रुग्ण पाहिला. तरुण गवंडी होता. तहान लागलेली, समोर पाण्याचा पेला, आणि तो ओठांजवळ नेताच घशाला असा आचका यायचा की नातेवाईक खोलीबाहेर पळायचे. तो शेवटपर्यंत बऱ्याच अंशी शुद्धीवर होता आणि आमच्या हातात काहीही नव्हते. लक्षणे दिसू लागली की या रोगावर खात्रीचा इलाज आजही नाही.

माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यामुळे होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संशयित जनावराने चावलेल्यांत १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण ४० टक्के आहे. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली तर रोगाची साखळी तुटते. आता सांगा, ती ७० टक्के कुत्री कोण टोचणार? मी नाही, तुम्ही नाही. ज्यांना गल्लीतले प्रत्येक कुत्रे ओळखता येते आणि ज्यांच्या हाताशी ते येते, तीच माणसे हे करू शकतात. आजींना ज्यांना टाळे ठोकायचे होते, ती हीच.

हे होऊ शकते याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. तेथे सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी मिळून २०१३ पासून दारोदार, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले आणि संशयित कुत्र्यांचा पाठपुरावा केला. २०१७ नंतर सलग काही वर्षे तेथे माणसाचा एकही रेबीजमृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. गोवा लहान आहे, आपली शहरे दाटीवाटीची आहेत, हे मान्य. पण पद्धत तीच लागणार.

दोन शब्द संस्थांनाही

संस्थांचे सारेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. नुसते खाऊ घालणे म्हणजे अर्धेच पुण्य. ज्या कुत्र्याला रोज पोळी घालता, त्याची नसबंदी आणि लस झाली का, हे पाहणे हा उरलेला अर्धा भाग. जिन्यात, शाळेच्या फाटकापाशी खाणे टाकू नये. चावा बसलेल्या माणसाशी वाद घालू नये, आधी त्याला रुग्णालयात न्यावे. केलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा दरवर्षी वॉर्डानुसार जाहीर करावा. आणि पिंजऱ्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाला चाव्याआधीची प्रतिबंधक लस दिलीच पाहिजे. हे अनेकदा राहून जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री सोडू नयेत आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री हलवण्याचा आणि तेथे परत न सोडण्याचाही आदेश दिला. बाजू कोणतीही घ्या, दोन्ही आदेश पाळायला पकडणारा, पशुवैद्य, पिंजरे आणि रजिस्टर लागणारच. ते नसतील तर आदेश कागदावर राहतील.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. आपल्या सोसायटीच्या सभेत 'कुत्री घालवा' हा ठराव मांडण्याऐवजी 'आवारातील कुत्र्यांची नोंद करून नसबंदीसाठी पालिकेला पत्र द्या' हा ठराव मांडावा. कानाला खाच असलेली किती आणि नसलेली किती, हे मोजायला एक रविवार सकाळ पुरते. जवळच्या संस्थेचे वर्गणीदार व्हावे. वर्गणी देण्याआधी नोंदणी क्रमांक, हिशेब आणि रजिस्टर जरूर मागावे. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते. कचराकुंडी उघडी ठेवू नये.

आणि चावा बसलाच तर:

१. जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावी. मग आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे.
२. तिखट, हळद, चुना, तेल काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये.
३. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, ठाणेकरांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता मनातून काढावी. ती पद्धत केव्हाच बंद झाली. त्वचेत देण्याची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. एकही तारीख चुकवू नये.
४. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. ते आवर्जून विचारावे.
५. कुत्र्याला मारू नये. त्यावर दहा दिवस नजर ठेवावी. पण तेवढ्यासाठी लस लांबवू नये.

त्या मुलाचा चौथा डोस झाल्यावर आजी मला सांगायला आल्या होत्या. गल्लीतल्या त्या कुत्र्याच्या कानाला खाच नव्हती, हे त्यांनी आपणहून पाहून ठेवले होते. मी त्यांना त्या कार्यकर्त्या बाईंचा फोन नंबर लिहून दिला.