पिंजऱ्यात कोण, बिबट्या की वनरक्षक?

जुन्नर, आंबेगावच्या बागायती पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. फोन जातो वनरक्षकाला. तो पोहोचतो तेव्हा बांधावर शे-दोनशे माणसे जमलेली असतात. मागणी एकच, ही पिल्ले आत्ताच्या आत्ता येथून उचला. वनरक्षकाला ठाऊक असते की पिल्ले नेली तर मादी त्यांच्या शोधात वस्तीभोवती फिरत राहील. त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली तर बहुतेक वेळा ती अंधारात येऊन घेऊन जाते. पण संतापलेल्या जमावाला हे सांगायचे कोणी? आणि फडाच्या कडेला कोपीत झोपलेल्या ऊसतोड मजुराच्या लेकराला त्या रात्री काही झाले तर जबाब कोण देणार? एवढा मोठा निर्णय ज्याने घ्यायचा त्याच्या हातात असते काठी आणि बॅटरी. सोबतचा वनमजूर तर अनेकदा रोजंदारीवरचा!

कामाच्या ठिकाणच्या ताणतणावावर आजकाल मोठ्या कंपन्यांत व्याख्याने होतात, ध्यानधारणेचे वर्ग भरतात. आमची त्याबद्दल तक्रार नाही. पण या वनरक्षकाच्या मनावरचा ताण कुठल्या रजिस्टरात लिहिला जातो?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्नर वनविभागातल्याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले. त्यात दोन लेकरे होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरला महामार्ग अडवला. ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांच्या संतापाला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु तो संताप कोणावर निघाला? १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे बिबट्याला ठार मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा. त्यांचे कार्यालय नागपूरला. जमावाच्या तावडीत सापडतो तो गावातला वनरक्षक, ज्याला तो अधिकारच नाही. अधिकार वर आणि शिव्या खाली, अशी ही उतरंड आपल्या ओळखीचीच आहे.

पिंजरा लावला म्हणजे प्रश्न सुटला, असे गावाला वाटते. पुढाऱ्यालाही तेच वाटते, कारण पिंजऱ्याचा फोटो निघतो. याच जुन्नर विभागाचा अनुभव काय सांगतो? विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात येथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग बिबटे धरून, सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लावला गेला. असे २९ बिबटे सोडल्यानंतर, २००१ ते २००३ मध्ये, हल्ल्यांची सरासरी १७ वर गेली. म्हणजे लोकांना शांत करण्यासाठी केलेली कृती लोकांच्याच जिवावर उठली. हे खालच्या कर्मचाऱ्याला आज माहीत आहे. वरून हुकूम आला की उचला आणि सोडा, तर त्याने काय करावे? आपल्या कितीतरी घरांतली पहिली सरकारी नोकरी अशीच खालच्या पायरीवरची असते. पगारावर म्हातारे आईबाप, बहिणीचे लग्न, भावाचे शिक्षण. 'साहेब, हे चूक आहे' असे म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. चूक ठाऊक असून हात चालवावा लागणे, हा खरा ताण आहे. तो सुट्टी घेऊन उतरत नाही.

(याच खात्याच्या माणसांनी डोंगरातल्या महादेव कोळी बायाबापड्यांना सरपणाच्या मोळीसाठी दमदाटी केली, हेही आम्ही विसरलेलो नाही. पण त्या हिशेबासाठी आजच्या वनरक्षकाला जमावापुढे एकटे सोडणे हा न्याय नव्हे.)

बिबट्या उसात आला कसा? माणिकडोह, येडगाव, डिंभे अशी धरणे झाली, कालवे आले, पाठोपाठ ऊस आला. साखरेवर कारखानदारी आणि राजकारण दोन्ही पोसले गेले. शेतकऱ्याला वर्षानुवर्षे रात्रीची वीज दिली, म्हणून तो अंधारात पाणी धरायला गेला. तोडणी मजुराला दाराचे घर कोणी दिले नाही, म्हणून त्याचे लेकरू उसाला लागून झोपले. हे निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारे विधेयक १९४६ साली मंजूर झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. बिबट्याच्या हंगामात वनरक्षकाचे तास कोण मोजतो? तथागतांनी सम्यक आजीविका सांगितली. दुसऱ्याला इजा न करता पोट भरावे, हा तिचा अर्थ. पण हुकमाचा ताबेदार असलेल्या माणसाला ती पाळता येईल अशी व्यवस्था कोणी करायची?

आमचे मागणे साधे आहे. बिबटे धरून भलतीकडे सोडण्याचा हुकूम तोंडी नको, लेखी द्या, आणि त्यावर आपला विरोध लेखी नोंदवण्याचा हक्क वनरक्षकाला द्या. त्या नोंदीपायी त्याची बदली होणार नाही, अशी हमी द्या. वनमजुरांना कायम करा. जमाव चिडलेला असेल तेव्हा परिक्षेत्रातला वरिष्ठ अधिकारी स्वतः बांधावर उभा राहिला पाहिजे. आणि साखर कारखान्यांनी तोड सुरू करण्यापूर्वी मजुरांच्या प्रत्येक तळावर दिवे, कुंपण आणि दार असलेला निवारा दिला पाहिजे. तोवर गाळपाचा परवाना रोखून धरा.